भूल उतरल्यानंतरचा भ्रम

खुब्याचे हाड मोडलेल्या आजी. ऑपरेशन झाले, भूल उतरली, संध्याकाळी चार घोट चहाही घेतला. दुसऱ्या रात्री मात्र त्या मुलाला ओळखेनात, सलाईनची नळी उपसू लागल्या, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडू लागल्या. असे झाले की 'भूल जास्त झाली' म्हणत नातेवाईक भूलतज्ज्ञाला धारेवर धरतात.

हा राग बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो. आज शिरेतून सर्रास दिले जाणारे दुधाळ प्रोपोफॉल हे भुलीचे औषध थांबवले की थोड्याच वेळात रुग्ण जागा होतो. खुब्याच्या ऑपरेशनांवर अमेरिका-कॅनडात झालेला १६०० रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण भूल द्या किंवा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करा, भ्रम साधारण पाचातल्या एकाला झालाच. वय, आधीच कमी होत चाललेली स्मृती, जंतुसंसर्ग, वेदना, मोडलेली झोप, झोपेची औषधे हे सारे मिळून मेंदूवर चालून येते.

भ्रम चार दिवसांत ओसरला तरी बुद्धी लगेच पूर्ववत होतेच असेही नाही. साठीपुढच्या १२१८ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याने चौघांतल्या एकाची आणि तीन महिन्यांनीही दहातल्या एकाची बुद्धी मंदावलेली आढळली. 'वयामुळे होतंच' म्हणून हे झटकून टाकणे क्रूरपणाचे आहे.

भूलघरात जाताना आजींचा चष्मा, कवळी, कानातले यंत्र पिशवीत जाते आणि तिथेच राहते. रात्रभर ट्यूबलाइट, मॉनिटरची टिंवटिंव, दर दोन तासांनी रक्तदाब, नातेवाईक दाराबाहेर. ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही असे माणूस गोंधळणार नाही तर काय? मग हात पलंगाला बांधतात, आणि भ्रम अधिकच चिघळतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वॉर्डातल्या वृद्धांना चष्मा-यंत्र, पाणी, चालणे, शांत झोप, ओळखीच्या गप्पा एवढेच नेमाने दिले. भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून १० वर आले. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, तरी उपाय इथेही लागू आहेत, आणि त्यांना यंत्रसामग्री लागत नाही.

ऑपरेशनआधी ईसीजी होतो, साखर तपासतात, छातीचा फोटो काढतात. स्मृतीची साधी चाचणी मात्र सहसा कोणी घेत नाही. ती प्रत्येक साठीपुढच्या रुग्णाची व्हायला हवी, आणि संमतीपत्रावर सही घेताना भ्रमाची शक्यता घरच्यांना तोंडी, मराठीत सांगायला हवी. रात्री जवळ एक ओळखीचे माणूस बसू द्यायला रुग्णालयांची हरकत काय आहे?