वेड, पुली आणि पेडगाव

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनी शाळेत घोकलाय. ते पेडगाव तिकडे श्रीगोंद्याजवळचं. आम्ही मे महिन्यात गेलो ते परभणीच्या पेडगावला. मामेबहिणीचं लग्न होतं. आणि वेड पांघरलेलं नव्हतं, चक्क ओरिजिनल होतं!

वेड अर्थात दादाचं. त्याने सेकंडहँड मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर घेतली. कॉम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जर. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, हा इंजिनाच्याच बेल्टवर. फंडा सिंपल आहे. हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबा, त्या मापात पेट्रोल द्या, ताकद वाढते. त्या पिढीच्या सी-क्लासमध्ये १,७९६ सीसीचं हे इंजिन १४३, १६३ आणि १९२ हॉर्सपॉवर अशा तीन अवतारांत यायचं. दादाची १६३ वाली. "म्हणजे २९ घोडे आत झोपलेत यार!" असं म्हणून त्याने एका गॅरेजमधून सुपरचार्जरला लहान पुली बसवून घेतली. लहान पुली म्हणजे जास्त फेरे, जास्त बूस्ट. बाकी काहीच बदललं नाही.

नगरपर्यंत गाडी सुसाट. माजलगाव सोडलं, ऊन टळटळीत, आणि चढावर इंजिनातून खडखड सुरू. हवा दाबली की तापते. बाहेरचीच हवा भट्टीसारखी असेल तर इंटरकूलर बिचारा काय करणार? त्यात टाकीत साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल, या इंजिनाला लागतं ९५. मिश्रण वेळेआधीच पेटायला लागतं. त्याला नॉकिंग म्हणतात आणि त्यात पिस्टनही फुटू शकतो. कॉम्प्युटरने इंजिन वाचवायला स्पार्क मागे घेतला, ताकद गायब! एसी बंद, पाय हलका. पाथरी, मानवत करत रांगत पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. ताईने फक्त बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मामांची पिठाची गिरणी आहे. दादाचं सगळं लेक्चर ऐकून ते म्हणाले, "अरे, जात्याला लहान पुली घातली की दगड पळतोय जोरात. पण पीठ गरम पडतं, मग भाकरी थापताना तुटते. पुली बदलायची तर बाकीचं बी बघावं लागतं."

बॉस, ट्यूनिंगचा अख्खा कोर्स तीन वाक्यांत!

पुण्याला आल्यावर जुनी पुली परत बसली, इंटरकूलर साफ झाला, ९५ ऑक्टेन सुरू झालं. खडखड बंद. या इंजिनात जादा हवा परत फिरवणारी एक झडप कंपनीनेच दिलेली असते. पाय उचलला की ती उघडते, दाब उतरतो. म्हणजे बूस्ट चढवण्याइतकंच तो उतरवणंही डिझाइनमध्येच आहे.

आपण मात्र स्वतःला लहान पुली लावून पळतोय. डेडलाइन, ईएमआय, वीकएंडलाही लॅपटॉप. दादाला पुली बदलून मिळाली. अक्षता काही परत पडणार नाहीत.