पाहुणे येतील, पण सावकाश



“बाई, डबा टांगून आठ दिवस झाले. चिमणी तर नाहीच, कावळासुद्धा फिरकला नाही!” उन्हाळा तोंडावर आला की आमच्या नेकनूरच्या वर्गात ही तक्रार ठरलेली. तुमच्यापैकीही कितीतरी जणांनी परसात दाणापाणी ठेवलं असेल आणि चार दिवसांनी कंटाळून काढूनही टाकलं असेल. म्हणून आज पाहू या, पाखरं नव्या ठिकाणी यायला वेळ का लावतात आणि काय केलं म्हणजे ती येतात.

आधी पाखराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कालपर्यंत मोकळ्या असलेल्या फांदीला आज एक डबा लोंबतोय. वाऱ्यानं हलतोय, उन्हात चमकतोय. यात दाणा आहे की फास? त्यातून आमचा भाग ज्वारीचा. कणसं भरली की शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचे डबे बडवायचे, ही राखण पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. ज्या माणसानं हिवाळ्यात हाकललं, त्याच माणसानं उन्हाळ्यात बोलावलं तर पाखरू लगेच कसं येईल? ते आधी दुरून न्याहाळतं. मग एखादं धीट पाखरू उतरतं, दाणा टिपून भुर्रकन उडतं. त्याला काही झालं नाही, हे बघून दुसरं येतं. याला कधी चार दिवस लागतात, तर कधी तीन आठवडेही लागतात.

मग एवढी वाट का बघायची? कारण पाखरांची जुनी सोय कमी होत चालली आहे. आमच्याकडे ज्वारी-बाजरीच्या रानात आता कापूस आणि सोयाबीन वाढलं. खळ्यावर सांडणारे दाणे कमी झाले. मातीच्या घरांच्या वळचणीत, भिंतीच्या भोकात चिमण्या घरटी करायच्या. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत त्यांना जागा मिळत नाही. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमणीसाठी मोठं काम केलं, आणि त्यांच्या संस्थेच्या पुढाकारानं २०१० सालापासून २० मार्च हा दिवस ‘जागतिक चिमणी दिन’ म्हणून पाळला जातो. पण एक दिवस पाळून चिमणीचं पोट भरत नाही. आपल्याला पुढचे तीन महिने सांभाळायचे आहेत.

आता तयारीला लागू. पहिलं काम पाण्याचं. दाण्यापेक्षा पाण्यावर पाखरं लवकर येतात, कारण आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात एप्रिल-मेमध्ये ओढे-नाले कोरडे पडतात. मातीचं पसरट भांडं घ्या. पत्र्याचं नको, ते तापतं. पाणी दोन बोटं खोल पुरे, आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे छोट्या पाखराला त्यावर उभं राहता येईल. रोज सकाळी जुनं पाणी झाडाला घाला, भांडं काथ्यानं घासा आणि ताजं पाणी भरा. साबण लावू नका. पाणी आठवडाभर साचलं तर त्यात डास होतात आणि पाखरांना रोगही लागतो.

दुसरं काम जागेचं. तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्याला दोन बाजूंनी खिडक्या कापा. कापायचं काम मोठ्यांकडून करून घ्या. धारेवर चिकटपट्टी लावा आणि तळाला दोन-तीन बारीक भोकं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. डबा सावलीत, तुमच्या डोक्याच्या वर टांगा. जवळ झाड हवं, म्हणजे पाखराला पटकन लपता येईल. पण मांजर दबा धरून उडी मारेल इतकं झुडूप जवळ नको. आणि एकदा टांगलेला डबा रोज उठून हलवू नका!

तिसरं काम दाण्याचं. बाजरी, ज्वारी, राळे, तांदळाची कणी, सगळं चालतं. रोज एक मूठ, ठरलेल्या वेळी. फरसाण, बिस्किटं, आंबलेला भात घालू नका. मीठ पाखरांना सोसत नाही. तिखटाचं मात्र त्यांना काही वाटत नाही, म्हणून तर पोपट मिरची मजेत खातो!

आता शेतकऱ्याच्या मुलांनी नीट ऐका. पेरणीतून उरलेलं लाल-गुलाबी बियाणं घरात असतं. त्याला औषध चोळलेलं असतं. ते विष आहे. ते डब्यात टाकायचं नाही, उकिरड्यावर फेकायचं नाही आणि हातानं चिवडायचंही नाही.

कोण कोण येईल? चिमण्या, होले आणि साळुंक्या येतील, कलकलाट करत सातभाईंची टोळी येईल. पिकलेल्या पपईची फोड ठेवलीत तर बुलबुल येईल. वेडा राघू आणि कोतवाल मात्र दाण्याला विचारणार नाहीत. त्यांना उडते किडे हवेत. चिमणीचंही तसंच. ती स्वतः दाणे खाते, पण लहानग्या पिल्लांना मऊ अळ्या-किडे भरवते. तेव्हा परसात ऊठसूट औषध फवारू नका. एक कोपरा कोरड्या मातीचा राहू द्या, चिमण्या त्यात मजेत धूळ अंगावर घेतील.

आता खरी परीक्षा. शाळेच्या आवारात टांगलेले डबे मार्च-एप्रिलमध्ये भरलेले असतात. मे महिन्याची सुट्टी लागली की मुलं मामाच्या गावाला जातात आणि ऐन उन्हात भांडी कोरडी पडतात. महिनाभर भरवसा दाखवून ऐन वेळी पाठ फिरवली, तर बोलावलं कशाला? म्हणून सुट्टी लागण्याआधीच पाळ्या लावा. जो गावात राहणार त्याचं नाव आणि दिवस फळ्याशेजारी लिहा. घरच्या भांड्याची जबाबदारी आजी-आजोबांना सांगून जा. पालकांनो, तुम्हीही सकाळी एक तांब्या पाणी ओतून मुलांना साथ द्या. पहिला चांगला पाऊस पडला, रानात किडे आणि कोवळं गवत आलं, की दाणा थोडा कमी केला तरी चालेल.

या आठवड्याचा अभ्यास : एक वही करा. तारीख, वेळ, कोणतं पाखरू, किती आणि आधी पाण्यावर उतरलं की दाण्यावर, एवढंच लिहा. पहिले काही दिवस ‘कोणी नाही’ असं लिहावं लागेल. तेही लिहा. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. तोपर्यंत वही भरली, तर तुमच्या परसातल्या पाखरांबद्दल तुमच्याइतकं जाणणारा दुसरा कोणीही नसेल.