जर्मन शिकायची तर इंग्रजीच्या वाटेने कशाला?

बारामतीच्या माणसाला इटालियन येत नाही असं म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. 'आपे' हा इटालियन शब्द आहे, त्याचा अर्थ मधमाशी. आपल्या एमआयडीसीत पियाजिओ कंपनी ही तीनचाकी बनवते. २०१२ पासून तिथेच बनणाऱ्या 'व्हेस्पा'चा अर्थ गांधीलमाशी. दोन शब्द आता कळले, आणि पुढच्या वेळी भिगवण रस्त्यावर आपे रिक्षा आडवी आली की ते आठवतीलच. आवाज, डोळ्यांसमोरची वस्तू आणि थोडी गंमत एकत्र आली की शब्द डोक्यात बसतो. पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीज शब्द आपल्या पूर्वजांनी असेच उचलले, त्यासाठी कुणी क्लास लावला नव्हता.

आरोग्याच्या लेखात भाषेचा विषय कसा, असं वाटेल. पण दवाखान्यात हल्ली दोन प्रकारची माणसं हा विषय काढतात. पहिल्या प्रकारात नर्सिंग शिकणाऱ्या मुली आणि त्यांचे आईवडील. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून बारामती-इंदापुरात 'जर्मन' हा शब्द घरोघरी पोचला आहे. दुसरे आहेत साठीच्या आसपासचे. "डॉक्टर, नावं आठवत नाहीत. नवी भाषा शिकलो तर फायदा होईल का?" असं ते विचारतात.

आधी मुलींचं पाहू, कारण तिथे घरचा पैसा पणाला लागलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या पायरीसाठी, म्हणजे ए१ साठी, कर्ज काढून महागडा क्लास लावायची गरज नाही. ती पायरी घरी बसून, फुकट आणि हसतखेळत चढता येते, फक्त इंग्रजीतून चढायला जाऊ नका. बहुतेक पुस्तकं आणि ॲप जर्मन इंग्रजीतून शिकवतात. ज्या मुलीला मुळात इंग्रजीचीच धास्ती आहे तिच्यावर दोन परक्या भाषांचं ओझं पडतं. शिवाय जर्मनमध्ये जे इंग्रजीवाल्याला अवघड जातं, त्यातलं बरंच मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं.

जर्मन नामांना तीन लिंगं असतात. इंग्रज इथे हैराण होतो, आणि हिंदीतही दोनच आहेत. आपल्याकडे मात्र तो, ती, ते आहेच. डेर मान म्हणजे तो माणूस, डी फ्राऊ म्हणजे ती बाई, डास किंट म्हणजे ते मूल. (हा डास चावत नाही, डेंग्यूचा वेगळा.) 'मुलाला' म्हणायचं तर 'डास'चं 'डेम' होतं, 'डेम किंट'. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, ते आधीचा छोटा शब्द बदलतात, पण दोन्हीकडे विभक्तीच. वाक्याची ठेवण पाहा. 'कारण मी आजारी आहे' हे जर्मनमध्ये 'वाइल इश क्रांक बिन'. शब्दाला शब्द तोच क्रम, आणि 'आहे' शेवटी. इंग्रजीतून आलेला इथे हमखास चुकतो. साध्या वाक्यात मात्र त्यांचं क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तेवढं लक्षात ठेवायचं.

जपानी शिकणाऱ्यांची तर वाक्यरचनेत आणखी सोय आहे. तिथे क्रियापद शेवटीच असतं आणि 'हून'सारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. 'बारामतीहून आलो' म्हणजे 'बारामती कारा किमाशिता'.

आता सरावाचं. नर्सिंगच्या मुलीने सुरुवात शरीरापासून करावी, ते तिचंच क्षेत्र आहे. रक्त म्हणजे डास ब्लूट, हृदय म्हणजे डास हेर्त्स, पाणी म्हणजे डास वासर. तिन्ही मराठीत 'ते' आणि जर्मनमध्येही 'ते'. पण नाक तिथे 'ती' आहे (डी नाझे) आणि डोकं 'तो' (डेर कोप्फ). मग घरात दिवसभर 'ती नाक वाहतेय', 'तो डोकं दुखतोय' असं बोलायचं. आजी हसेल, हसू द्या. विचित्र आणि हसवणारी गोष्ट मेंदू जपून ठेवतो, कोरी यादी टाकून देतो. 'वो टूट एस वे?' म्हणजे 'कुठे दुखतंय?' हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारून पाहा. जर्मनीतल्या वॉर्डात तो रोज विचारावा लागेल.

शब्द टिकवायचा उपाय जुना आहे. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून आपण किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं. म्हणून एका रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी. आज शिकलेला शब्द रात्री, उद्या, तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा काढायचा. काढायचा म्हणजे वाचायचा नाही, वही झाकून आठवायचा. आठवताना जो ताण पडतो त्यानेच शब्द पक्का होतो. आणि झोप घ्या. दिवसा हिप्पोकॅम्पस या भागाने टिपलेलं झोपेत मेंदूच्या इतर भागांत मुरतं. जागरण करून पाठांतर करणारी मुलगी आपल्याच मेहनतीवर पाणी टाकते.

कानांसाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा फुकट अभ्यासक्रम आहे. त्यात व्हिडिओतून एक गोष्ट पुढे सरकते, मालिकेसारखी. सावकाश वाचलेल्या बातम्याही त्यांच्याकडे मिळतात. जपानीसाठी एनएचके वर्ल्डचे धडे हिंदीतूनही आहेत. ॲपवर गुण मिळवत बसणं वाईट नाही, सवय लागते, पण तोंड बंदच राहतं. भाषा हे जिभेचंही काम आहे. कुंभारगावचे नावाडी उजनीच्या पाण्यावर पर्यटकांना पक्ष्यांची इंग्रजी नावं सांगतात ना? पाहुण्यांबरोबर ऐकत-बोलत, चुकत-सुधारत.

हे सगळं बी१ पर्यंत नेईल. जर्मनीत नर्स म्हणून काम करायला साधारणपणे बी२ लागतं, आणि तिथे मात्र चुका पकडणारा माणूस हवाच. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला जेमतेम १८० तास होतात. बी२ ला त्याच्या कितीतरी पट लागतात. तेव्हा 'तीन महिन्यांत बी२' असं सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. सुरुवातीला वाचवलेला पैसा या टप्प्यावर चांगल्या शिक्षकाकडे लावा.

आता साठीच्या मंडळींकडे वळतो. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षर रुग्णांतही. बातमी चांगली आहे, पण तिचा अर्थ ताणू नका. ती माणसं आयुष्यभर दोन-तीन भाषांत वावरलेली होती. साठाव्या वर्षी जपानी सुरू केल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असं यातून सिद्ध होत नाही. असं सांगून कुणी कोर्स विकत असेल तर दुरून नमस्कार करा. मेंदूसाठी रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, चालणं आणि तंबाखू सोडणं यांची जागा भाषा घेऊ शकत नाही.

तरीही शिका म्हणेन. वयाबरोबर नावं पटकन आठवत नाहीत हे खरं, पण शब्दसंपत्ती बराच काळ टिकते आणि नव्या शब्दाला जुन्याचा आधार मिळतो. नातवंडं परदेशी असतील तर फोनवर रोज एक वाक्य त्यांच्याकडूनच शिका. त्यांनाही आजोबांना दुरुस्त करायला आवडतं. फक्त सुरू करण्याआधी कान तपासून घ्या. 'शब्द लक्षात राहत नाही' म्हणणाऱ्या ज्येष्ठांपैकी काहींना तो शब्द मुळात नीट ऐकूच आलेला नसतो.