पदच्छेद आणि पाठभेद : झेड-शेलच्या संदर्भपुस्तिकेच्या निमित्ताने

संगणकप्रणालीच्या संदर्भपुस्तिकेविषयी साहित्याच्या प्राध्यापकाने लिहावे, याचे वाचकांना आश्चर्य वाटेल. 'तांत्रिक लेखन' असा शिक्का मारून आपण ज्या लेखनाला साहित्यविचाराच्या बाहेर ठेवतो, त्यात संदर्भपुस्तिकेचा क्रमांक बहुधा पहिला लागावा. माझेही मत फारसे वेगळे नव्हते. ते बदलले, त्याला एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला.

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिक अंकांचा मजकूर एकत्र करण्याचे काम मी हाती घेतले होते. एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहून पाठवली. पहिल्या ओळीत १९६८ ते १९७५ ही आठ वर्षे मध्ये मोकळी जागा सोडून एका नावाखाली साठवली होती. पुढच्या ओळींत एकेक वर्ष घेऊन त्या वर्षाची फाइल उघडायची होती. त्याच्या संगणकावर हे बिनबोभाट चालत असे. माझ्या संगणकावर त्या ओळी चिकटवल्या, तेव्हा आठ फेऱ्यांऐवजी एकच फेरी झाली आणि आठही वर्षे ज्या एका नावात सलग लिहिली आहेत अशी फाइल सापडत नसल्याची तक्रार समोर आली. विद्यार्थ्याची चूक नव्हती, यंत्राचीही नव्हती. त्याच्याकडे बॅश नावाचा शेल होता, माझ्याकडे झेड-शेल. 'शब्द' कशाला म्हणायचे, याविषयी त्या दोघांत मतभेद होता.

शेल म्हणजे आपण टंकलेली ओळ वाचून, तिची पदे पाडून, त्यांचा अर्थ लावून ती संगणकाकडून पार पाडून घेणारा कार्यक्रम. त्याचे पहिले काम पदच्छेदाचे. आपल्या जुन्या पोथ्यांमधले लेखन सलग असे. शब्द कोठे तोडायचा हे वाचणाराने ठरवायचे, आणि तो चुकीच्या जागी तुटला की अर्थ बदलायचा. शेलपुढेही हाच प्रश्न असतो. नावाखाली साठवलेला मजकूर वापरताना त्यातल्या मोकळ्या जागांवर तो पुन्हा तोडायचा, की अखंड ठेवायचा? १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला स्टीफन बॉर्न यांचा शेल तो तोडतो. त्याला कारण होते. त्या शेलमध्ये याद्या ठेवण्याची स्वतंत्र सोय नव्हती. यादी म्हणजे मोकळ्या जागांनी जोडलेला एक लांब मजकूर. तो तोडला नाही तर यादी वापरणार कशी? पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये याद्या आल्या, झेड-शेलमध्येही आल्या. गरज संपली म्हणून झेड-शेलने तोडणे सोडून दिले. परिणामी 'जुने लेख' अशा दोन शब्दी नावाची फाइल तिथे एकच राहते. बॉर्नच्या परंपरेत मात्र अवतरणचिन्हे घालायला विसरलात, तर ती पुसण्याची आज्ञा 'जुने' आणि 'लेख' अशा दोन फाइलींवर जाते, आणि त्या नावांच्या फाइली खरोखरच असतील तर त्या पुसल्या जातात. हा वाद केवळ तात्त्विक नाही, हे यावरून ध्यानात यावे.

झेड-शेल पॉल फाल्स्टॅड यांनी १९९० साली प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थी असताना लिहिला. तिथे त्या वेळी अध्यापन-साहाय्यक असलेल्या झोंग शाओ यांच्या लॉगिन-नावावरून त्याला नाव मिळाले. त्यानंतर तो स्वयंसेवी देखभालकर्त्यांच्या हाती गेला. २०१९ साली मॅकओएसच्या कॅटलिना आवृत्तीत नव्या खात्यांसाठी बॅशऐवजी तो मूळ शेल ठरला आणि माझ्यासारखे असंख्य लोक, आपण शेल बदलला आहे हे ठाऊकही नसताना, त्याचे वापरकर्ते झाले. एका परंपरेत लिहिलेला मजकूर दुसऱ्या परंपरेतल्या वाचकाच्या हाती पडला. साहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती परकी नसावी.

माझ्या अडचणीचे उत्तर शोधत मी झेड-शेलच्या नेहमीच्या प्रश्नांच्या संग्रहापर्यंत पोहोचलो. हा संग्रह पीटर स्टीफन्सन यांनी सांभाळलेला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणातला पहिलाच प्रश्न माझा होता : दोन शब्दांचा मजकूर साठवलेले नाव अपेक्षेप्रमाणे का वागत नाही? तिथून मी मूळ संदर्भपुस्तिकेकडे वळलो, आणि पर्यायांच्या यादीशी थबकलो. शेलच्या वर्तनाचे शेकडो बारकावे तिथे एकेका पर्यायाच्या नावाखाली नोंदले आहेत आणि अनेकांपुढे एक-दोन अक्षरांच्या खुणा आहेत. 'डी' म्हणजे सर्वच परंपरांत मुळात चालू. 'सी' म्हणजे सी-शेलच्या, 'के' म्हणजे कॉर्नच्या, 'एस' म्हणजे बॉर्नच्या आणि 'झेड' म्हणजे झेड-शेलच्या स्वतःच्या पद्धतीत चालू. मजकूर तोडण्याच्या पर्यायापुढे 'के' आणि 'एस' आहेत. नमुन्याशी जुळणारी एकही फाइल नसेल तर चूक दाखवून थांबावे, या पर्यायापुढे 'सी' आणि 'झेड' आहेत. यादीतले घटक शून्यापासून मोजावेत, या पर्यायापुढे फक्त 'के' आहे. झेड-शेल ते एकापासून मोजतो.

ही यादी वाचताना मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण झाली. १९१९ ते १९६६ एवढा काळ चाललेल्या त्या कार्यात शारदा, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिपींतल्या हस्तलिखितांना एकेका अक्षराची खूण दिलेली आहे आणि पानाच्या तळाशी, कोणत्या प्रतीत कोणता पाठ आहे, ते त्या खुणांनी सांगितले आहे. संपादक एक पाठ स्वीकारतो, पण इतर पाठ पुसून टाकत नाही. झेड-शेलची पुस्तिका हेच करते. तिने स्वतःचा पाठ निवडलेला आहे. परंतु पूर्वसूरींचे पाठ तिने नोंदले आहेत, आणि हवे तेव्हा ते पाठ जिवंत करण्याची सोयही ठेवली आहे. 'एम्युलेट' ही आज्ञा देऊन बॉर्नचे किंवा कॉर्नचे नाव सांगितले की शेल त्या पद्धतीने वागू लागतो. आज्ञा द्यावीच लागते असेही नाही. कोणत्या नावाने आपल्याला हाक मारली गेली, त्याचे पहिले अक्षर तो पाहतो आणि त्यावरून कोणाची भूमिका घ्यायची ते ठरवतो. हा नियम पुस्तिकेत स्पष्ट लिहून ठेवलेला आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती मर्यादांची कबुली. सी-शेलची हुबेहूब नक्कल कधीच होणार नाही, असे 'एम्युलेट'च्या नोंदीत एका ओळीत सांगून टाकले आहे. क्षमायाचना नाही, आश्वासनही नाही. शेलचे मॉड्यूल, म्हणजे लागतील तेव्हाच जोडून घ्यायचे भाग, यांच्या प्रकरणातही हाच सूर आहे. फाइली हलवणे, पुसणे अशी कामे शेलच्या पोटातच करणाऱ्या मॉड्यूलविषयी लिहिले आहे की रोजच्या व्यवहारात याची गरज बहुधा पडणार नाही. साधने तुटपुंजी असताना, बिघडलेली यंत्रणा सावरताना ते उपयोगी पडेल. आणि प्रमाणकांना अपेक्षित असलेले सगळे त्यात नाही. फाइलीची माहिती देणाऱ्या मॉड्यूलमधील आज्ञेचे नाव बाहेरच्या एका आज्ञेच्या नावाशी सारखे आहे, म्हणून तीच आज्ञा वेगळ्या नावानेही दिली आहे आणि फक्त ते वेगळे नाव कसे घ्यावे हेही सांगितले आहे. मॉड्यूल कसे लिहावे याचे उदाहरण म्हणून ठेवलेल्या मॉड्यूलच्या नोंदीत, हे केवळ उदाहरण आहे, एवढेच प्रांजळपणे म्हटले आहे. नव्या आवृत्तीसोबतच्या प्रास्ताविकात मागील आवृत्तीशी कोठे विसंगती आली, याची वेगळी यादी असते. म्हणजे पूर्वसूरींपासूनचे अंतर जसे नोंदले जाते, तसे स्वतःच्या कालच्या रूपापासूनचेही.

यावर संगणकशास्त्राचे एक सहकारी मला म्हणाले, "सर, खरे काय ते प्रोग्रॅमच्या संहितेत असते. पुस्तिका ही तिची सावली." हा आक्षेप वजनदार आहे, पण मला तो मान्य नाही. संहिता वाचून शेल काय करतो ते कळेल; त्याने काय करावे असे ठरले होते, ते कळणार नाही. यादी एकापासून मोजणे ही चूक की निवड, याचा निवाडा संहिता देऊ शकत नाही, कारण दोन्ही बाबतींत ती सारखीच दिसेल. हा भेद फक्त लिहिलेल्या शब्दांत राहतो. आणि ज्याची स्क्रिप्ट त्या वर्तनावर विसंबून आहे, त्याच्या दृष्टीने हा भेदच सर्वस्व आहे. निवड असेल तर ती उद्याही टिकेल असे तो मानू शकतो. चूक असेल तर ती केव्हाही दुरुस्त होईल. या अर्थाने सुसंगतीची नोंद हे निव्वळ वर्णन नसते, ते वचन असते.

अर्थात, ही पुस्तिका निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. ती अवाढव्य आहे, आणि नवख्याला दिशा दाखवण्यासाठी तिच्यातच एक वेगळे मार्गदर्शक प्रकरण घालावे लागले आहे. बऱ्याच नोंदींना उदाहरण नाही. त्याहून मोठी उणीव अशी की ती 'काय' सांगते, 'का' क्वचितच सांगते. बॉर्नच्या शेलमध्ये याद्या नव्हत्या म्हणून मजकूर तोडावा लागे, हा कार्यकारणभाव कळला की तो पर्याय कायमचा ध्यानात राहतो. पर्यायाच्या नोंदीत मात्र केवळ परिणाम दिलेला आहे. पाठभेद नोंदून त्यांची मीमांसा न करणाऱ्या संपादकाविषयी आपण जी तक्रार करू, तीच इथेही करावी लागेल.

तरीसुद्धा, आपल्या विभागांनी या लेखनाकडे पाहावे असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. व्यावहारिक मराठी किंवा उपयोजित मराठी या नावाने आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, बातमी शिकवतो. त्यात, दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक तिसऱ्या माणसाची फसगत होणार नाही अशा रीतीने लिहून ठेवणे, हा प्रकार बसत नाही. तो सोपा मुळीच नाही. या वर्षी मी पदव्युत्तर वर्गाला एक स्वाध्याय दिला : बॅश आणि झेड-शेल यांच्यातला एकच फरक निवडा आणि त्यावर मराठीत शंभर शब्दांची नोंद लिहा, काय होते, कोणत्या परंपरेत होते, का होते आणि कोणाचे काय बिघडू शकते, हे त्यात आले पाहिजे. कथेचे रसग्रहण सहज लिहिणारी मुले या शंभर शब्दांपाशी अडली. 'शब्द', 'मजकूर', 'नाव', 'यादी' या चार संज्ञा प्रत्येक वाक्यात एकाच अर्थाने वापरायच्या, एवढ्याच अटीने त्यांना तीन-तीन खर्डे करायला लावले. शैलीचा विचार इतक्या निकडीने करण्याची वेळ त्यांच्यावर पूर्वी आली नसावी.

माझी स्क्रिप्ट आता चालते. दुरुस्ती म्हणून मी तिची मूळ रचना बदलली नाही. सर्वांत वर शेलला बॉर्नच्या पद्धतीने वागण्याची आज्ञा दिली, आणि तिच्याखाली मराठीत दोन ओळींचा शेरा लिहिला : ही स्क्रिप्ट मजकूर मोकळ्या जागांवर तोडणाऱ्या शेलसाठी लिहिलेली आहे, यादीसाठी स्वतंत्र सोय न वापरल्यामुळे तसे करावे लागले. माझ्यानंतर हे काम जो कोणी हाती घेईल, त्याच्या संगणकावर कोणता शेल असेल ते मला ठाऊक नाही. पण पदे कोठे तुटावीत असे आम्हाला अभिप्रेत होते, हे त्याला त्या दोन ओळींवरून कळेल.