औषधांच्या दुकानांत काय मागावें ?

विद्यार्थिमित्रहो, घरांत कोणास पडसें झालें, धाकट्या भावंडाचें पोट बिघडलें किंवा पावसांत भिजून आल्यावर वडिलांचें अंग मोडून आलें, म्हणजे तुम्हांस काय सांगण्यांत येतें? "जा, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक गोळी घेऊन ये." डॉक्टरांकडे जावयाचें म्हणजे अर्ध्या दिवसाचा खोळंबा, रोजंदारीवर जाणाऱ्याची तर त्या दिवसाची मजुरीच बुडावयाची, आणि फी ती निराळीच. तेव्हां किरकोळ दुखण्यासाठीं लोक औषधांच्या दुकानाकडे धांव घेतात, यांत नवल तें काय? त्यांस दोष देण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. उलट, असें जाणें पुष्कळ वेळां शहाणपणाचें असतें, असेंच माझें मत आहे. मात्र तेथें आपण काय मागतों व कोणापाशीं मागतों, या दोन गोष्टींवर सर्व कांहीं अवलंबून आहे. आणि नेमकी येथेंच आपली चूक होते.

प्रथम माझीच चूक सांगतों. गेल्या पावसाळ्यांत माझा घसा धरला. मीं एका दुकानांत गेलों, पूर्वीं कधींतरी घेतलेल्या एका प्रतिजैविक औषधाचें नांव सांगितलें आणि म्हटलें, "तीन द्या." गल्ल्यावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्यानें डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाहीं कीं एक प्रश्न विचारला नाहीं. कात्रीनें पाकीट कापून तीन कॅप्सूल माझ्या हातावर ठेवल्या. चार दिवसांनीं घसा बरा झाला व मला वाटलें, औषध लागू पडलें! वस्तुतः असा घसा बहुधा विषाणूंमुळें धरतो, आणि प्रतिजैविकें जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहींत. तो आपोआपच बरा व्हावयाचा होता. माझे पैसे गेले तें सोडून द्या; पण त्या अपुऱ्या मात्रेनें शरीरांतील जिवाणूंस त्या औषधाशीं झुंजण्याची तालीम मात्र मिळाली.

हा धोका नवा नाहीं. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९४५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळच्या व्याख्यानांतच त्यांनीं बजावून ठेविलें होतें कीं, पुढें हें औषध दुकानांत कोणासही विकत मिळूं लागेल, आणि अडाणी मनुष्य तें अपुरें घेऊन जिवाणूंस चिवट करून सोडील. त्यांनीं उदाहरण दिलें तेंही घसा दुखणाऱ्या गृहस्थाचेंच! त्या गृहस्थाकडून चिवट झालेल्या जिवाणूंची बाधा त्याच्या पत्नीस होते आणि तिला औषध लागू न पडतां ती दगावते, अशी ती कल्पित कथा होती. ती वाचली तेव्हां माझे तीन कॅप्सूल मला आठवले व मान खालीं गेली.

आतां दुसरा प्रसंग ऐका. त्याच पावसाळ्यांत मी दुसऱ्या एका दुकानांत उभा होतों. पन्नाशीचे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "ताई, पित्ताची एक गोळी द्या." पांढरा कोट घातलेल्या औषधनिर्मातीनें गोळी काढतां काढतां विचारलें, "काका, केव्हांपासून त्रास होतो आहे?" गृहस्थ म्हणाले, सकाळपासून छातीवर दडपण आहे आणि डावा हात भरून आला आहे. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. बाईंनीं गोळी फळीवर परत ठेविली. "काका, हें पित्त नसावें असें मला वाटतें. आतांच्या आतां इस्पितळांत जा, आणि एकटे जाऊं नका," असें म्हणून त्यांनीं दुकानांतील माणसास त्यांच्याबरोबर रिक्षांत बसवून दिलें. तो हृदयविकाराचा झटका होता, आणि वेळेवर उपचार झाल्यानें ते गृहस्थ वांचले, असें मागाहून कळलें. त्या गिऱ्हाइकापासून त्या दिवशीं दुकानास एका रुपयाचीही प्राप्ति झाली नाहीं. एक कुटुंब मात्र उघडें पडतां पडतां वांचलें.

दोन्ही दुकानांवरील पाट्या सारख्याच होत्या. अंतर होतें तें विद्येचें आणि कर्तव्यबुद्धीचें. आपल्या देशांत १९४८ सालच्या फार्मसी कायद्यानें औषधनिर्मात्यांची नोंदणी सुरू झाली. बारावीनंतर निदान दोन वर्षें शास्त्रीय शिक्षण व त्यापुढें प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतल्यावांचून ही नोंदणी होत नाहीं. २०१५ सालच्या नियमांप्रमाणें त्यानें स्वच्छ पांढरा कोट घालावयाचा, नांव व नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला लावावयाचा, आणि रोग्यास औषधाविषयीं समजावून सांगावयाचें, असा दंडक आहे. समजावून सांगणें ही कृपा नसून तें त्याचें कामच आहे. मग आपण तें मागूं नये काय?

इंग्लंडांत या विद्येचा उपयोग सरकारनेंच करून घेतला आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून तेथें घसादुखी, कानदुखी, सायनसची सूज, चिघळलेला कीटकदंश, इंपेटिगो नांवाचा त्वचारोग, नागीण आणि स्त्रियांच्या मूत्रमार्गाचा साधा संसर्ग, या सात दुखण्यांवर औषधनिर्मात्यानें स्वतंत्र खोलींत रोग्यास तपासून उपचार करावा, अशी योजना चालू झाली. वयाच्या मर्यादा व नियम आंखून दिलेले आहेत. धोक्याचें लक्षण दिसतांच रोग्यास डॉक्टरांकडे धाडावें लागतें. आपल्याकडे प्रतिजैविकें चिठ्ठीवांचून देतां येत नाहींत, आणि तसेंच असावें. पण सल्ला देण्यास तर कोणत्याच कायद्याची आडकाठी नाहीं.

कोणी म्हणेल, "दुकानदार तो दुकानदार, तो आपला गल्ला पाहील कीं आमचें हित?" ही शंका खोटी नाहीं. म्हणूनच मी एक कसोटी सुचवितों: जो औषधनिर्माता विकण्यापूर्वीं प्रश्न विचारतो आणि प्रसंगीं "याला औषध नको" असें सांगून रिकाम्या हातीं परत पाठवितो, तो आपला खरा हितकर्ता समजावा. त्याच्याकडे पुन्हा जावें. जो विचारल्यावांचून देतो, त्याचें दुकान कितीही जवळ असलें तरी तें लांबच समजावें.

आपल्याकडूनही कांहीं गोष्टी व्हावयास हव्यात. दुकानांत जाऊन गोळीचें नांव सांगूं नका, दुखणें सांगा. कोण आजारी आहे व त्याचें वय काय, त्रास केव्हांपासून आहे, दुसरीं कोणतीं औषधें चालू आहेत, मधुमेह, रक्तदाब किंवा गर्भारपण आहे काय, हें सर्व न विसरतां सांगा. पडशाच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेंच. वर तापाची गोळी निराळी घेतली तर मात्रा दुप्पट होऊन यकृतास इजा होऊं शकते. सोळा वर्षांखालील मुलांस तापांत अॅस्पिरिन देऊं नये. पावसाळ्यांतला ताप डेंग्यूचा असण्याचा संभव असल्यानें अॅस्पिरिन व आयबुप्रोफेन मोठ्यांनींही टाळावें. जुलाबांवर पहिलें औषध जलसंजीवनी. पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यांतच कालवावी, कमी-अधिक नको. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं असेंच मीठ-साखरेचें पाणी रोग्यांच्या नातलगांच्या हातीं देऊन पटकीच्या असंख्य रोग्यांस वांचविलें. साधा उपाय योग्य ज्ञानाच्या हातीं पडला म्हणजे केवढें काम करतो, याचें हें उदाहरण होय.

परंतु दुकानाची पायरी केव्हां चढूं नये, हेंही ध्यानांत असूं द्या. छातींत दुखणें, धाप लागणें, शुद्ध हरपणें, झटके येणें, शौचांतून वा उलटींतून रक्त पडणें, तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप, तान्ह्या मुलाचा कोणताही ताप, आणि जुलाबांनीं मूल मलूल होऊन लघवी बंद होणें — येथें विलंब न करितां डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे.

मित्रहो, घरांतून दुकानांत बहुधा तुम्हांसच पाठवितात. यापुढें जाल तेव्हां पांढरा कोट कोणाच्या अंगावर आहे हें पाहा, त्याच्यापाशीं दुखणें सांगा आणि त्याच्या प्रश्नांचीं खरीं उत्तरें द्या. पालकांस माझी एवढीच विनंति कीं, मूल गोळीवांचून परत आलें आणि "ताईंनीं डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलें आहे" असें म्हणालें, तर त्याच्यावर रागावूं नका. तें रिकाम्या हातांनीं आलेलें नाहीं; तुम्हांस हवें होतें तेंच तें घेऊन आलें आहे.