वही आपली, सही कोणाची?

(द्वितीय वर्ष कला)

"बी.ए.ला आहेस आणि हिशेबाचे ऑफिस काढायचे म्हणतेस?" गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न मला निदान सात जणांनी विचारला. विचारणाऱ्यांत कॉमर्सचा पदवीधर एकच होता, आणि तो सध्या घोटीला मोबाईलच्या दुकानात बसतो. पण खरा प्रश्न माझ्या वडिलांनी विचारला. ते घोटीच्या भात गिरणीत हमाली करतात, शाळा चौथीपर्यंत. पोत्यावर पोते रचता रचता ते म्हणाले, "पोरी, वही तू लिहिशील. पण खाली सही कुणाची चालंल?"

माझ्या आठवड्याभराच्या विचाराची एका वाक्यात त्यांनी वाट लावली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा खटाटोप आहे. पदवीनंतर करायचे काय, ही चिंता आपल्या वर्गातल्या बहुतेकांना आहे, म्हणून तो मी इथे मांडते.

आधी हे वेड डोक्यात शिरले कसे ते सांगते. माझ्या आईच्या बचत गटात अकरा बाया. गट नीट चालण्याची जी पंचसूत्री सांगतात, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लेखन, त्यातली पहिली चार सूत्रे या बाया डोळे मिटून पाळत. पाचवे त्यांच्या हातात नव्हते. ते एका गृहस्थांच्या हातात होते. महिन्याला पन्नास रुपये घेऊन ते वही लिहीत. पुढे कर्जासाठी गटाची प्रतवारी व्हायची वेळ आली तेव्हा वही उघडली, तर आठ महिन्यांची पाने कोरी! पैसा जागच्या जागी होता, एक रुपया इकडचा तिकडे नव्हता. पण कागद नव्हता. कर्ज हुकले. बाया जाब विचारायला गेल्या तर गृहस्थ म्हणाले, "पन्नास रुपयांत मी काय सी.ए. आहे?"

मी तेव्हा अकरावीत होते. आठ महिन्यांचा हिशेब मी बायांच्या तोंडून लिहून काढला. कोणी कधी किती दिले हे त्यांना तारखेने नव्हे, पण सणावारांनी बिनचूक आठवत होते. "आखाजीच्या आदल्या बैठकीला मी शंभर दिले, पोळ्याला दोनशे फेडले." चाळीस रुपयांचा फरक राहिला. तो शोधायला दोन रात्री गेल्या. सापडला तेव्हा जो आनंद झाला तो मला इतिहासाच्या पेपरात अजून झालेला नाही. (इतिहासाच्या सरांनी रागावू नये.)

त्या गृहस्थांचे ते वाक्य मात्र अजून कानात आहे. सी.ए. नाही म्हणून चूक माफ, असा त्यांचा हिशेब! आणि आमच्याकडच्या कोणीही त्यांना कधी विचारले नव्हते, की बाबा रे, तू शिकला आहेस तरी काय?

न विचारण्याची ही सवय जुनी आहे. आजोबांचा अंगठा सावकाराच्या वहीत होता; वर काय लिहिले आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या काढून जाळल्या, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. आपण परीक्षेत 'दख्खनचे दंगे' म्हणून पाच गुणांचे उत्तर लिहितो. माणसे सावकारावर चिडली होती, पण त्यांचा मुख्य रोख होता कागदावर, हे त्या उत्तरात येते का? पुढे १८७९ चा कायदा झाला आणि कर्जदाराला पावती व हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूद करावी लागली. गावचा हिशेब पिढीजात कुलकर्ण्याकडे असे; ती वतने १९५० च्या कायद्याने गेली. म्हणजे लेखणी जन्माने मिळण्याचे दिवस संपले आणि परीक्षेने मिळण्याचे आले. आता कोणती परीक्षा, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो दिसतो तेवढा सोपा नाही.

चौकशीत मला पहिली गोष्ट कळली ती ही, की आपल्या देशात दुसऱ्याची वही लिहून देण्यासाठी कसलाही परवाना लागत नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज कोणीही लिहावी. कायदा आडवा येतो तो सहीपाशी. कंपनीच्या हिशेबाचे लेखापरीक्षण किंवा आयकराचे ऑडिट चार्टर्ड अकाउंटंटच करू शकतो. तसा कायदाच आहे. त्यांची संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली आणि ही पदवी नसता ती नावापुढे लावणे गुन्हा आहे. तेव्हा लिहिणारा वेगळा आणि तपासून सही करणारा वेगळा, असे हे दोन धंदे आहेत. ऑफिस काढण्यापूर्वी आपल्याला यातला कोणता करायचा आहे, हे ठरवले पाहिजे. माझ्या ओळखीच्या बहुतेक मुलांनी ते न ठरवताच क्लासची फी भरली.

माझ्या मावसभावाचे उदाहरण घ्या. त्याने नाशिकच्या एका क्लासला बारा हजार रुपये भरले. तीन महिन्यांत 'प्रोफेशनल अकाउंटंट' असे सोनेरी अक्षरांचे प्रमाणपत्र मिळाले. त्याला टॅली चालवता येते, आणि ते उपयोगाचे आहे, हे मी नाकारत नाही. पण एका व्यापाऱ्याने त्याला विचारले, "ही रक्कम जमेला का धरली आणि नावे का नाही?" तेव्हा तो म्हणाला, "सॉफ्टवेअर घेतच नाही." टॅली हे आपल्याच देशातले, बंगळूरच्या कंपनीचे सॉफ्टवेअर. ते चांगले आहे, पण ते लेखणी आहे. उत्तम लेखणी विकत घेतली म्हणून कोणी लेखक झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे टोक म्हणजे सी.ए. आमच्या एका प्राध्यापकांचे म्हणणे, व्हायचे तर तेच व्हा. त्यांनीच मला सांगितले की बी.ए. झालेल्यालाही, साठ टक्के गुण असतील तर, फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवता येते. वाणिज्य पदवीधराला पंचावन्न टक्के पुरतात. हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून ठळक करून सांगते. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, ती २०२३ पासून दोन वर्षांची झाली. वाट खुली आहे. पण परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत, निकाल कडक, आणि दोन वर्षे नाशिकला रोजचे जाणे-येणे. विद्यावेतन मिळते, पण त्यात पास, डबा आणि पुस्तके भागवून घरी काय द्यायचे? घरात दोन धाकटी भावंडे आहेत. "हुशार असशील तर सगळे जमते" हे वाक्य ज्याच्या घरी महिन्याचा किराणा आधीच भरलेला असतो त्याला सुचते.

असो. सांगायचा मुद्दा असा की परीक्षा निवडताना लोक परीक्षेकडे पाहतात. मी आधी गिऱ्हाइकाकडे पाहायचे ठरवले. आठ दिवस वही घेऊन इगतपुरी आणि घोटी फिरले. भर बाजारातला किराणावाला. त्याची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत, म्हणजे राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या त्याला जी.एस.टी.ची नोंदणीच लागत नाही. पण उधारीची वही अशी, की निम्मी गिऱ्हाइके 'तात्याचा पोरगा' आणि 'लाल शर्टवाला' या नावांनी! भावलीकडच्या वाटेवर घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या एक काकू; पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दी मावत नाही आणि जानेवारीत वीजबिलाला पैसे नसतात, कारण घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच डब्यात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तेव्हापासून मुंबईची गाडी लवकर येते आणि लवकर पुढेही जाते, हे त्यांचेच निरीक्षण. मोठ्या रिसॉर्टांच्या वह्या मुंबईत लिहिल्या जातात, तिकडे माझे काम नाही. भात व्यापारी, रिक्षा संघटना, मजूर सहकारी संस्था, दूध संस्था, दोन पतसंस्था, गावोगावच्या विकास सोसायट्या आणि बचत गट तर गल्लीगणिक.

या यादीत मला दोन गोष्टी दिसल्या. निम्म्या गिऱ्हाइकांना सहीची गरजच नाही. त्यांना हवी आहे मराठीत लिहिलेली आणि मराठीत समजावून सांगितलेली वही. उरलेल्यांत सहकारी संस्था भरपूर. आणि त्यांच्यासाठी एक परीक्षा आपल्या राज्यात अनेक वर्षे आहे, जिचे नाव आपल्या महाविद्यालयात मी एकदाही ऐकले नव्हते : जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखाकर्म यांची शासकीय पदविका. सहकार खाते ती घेते. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, बी.ए.सुद्धा! सहा पेपर, त्यात जमाखर्च, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि कायदे. उत्तरे मराठीत लिहिता येतात. ती उत्तीर्ण होऊन सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव गाठीला आला, की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून शासनाच्या नामतालिकेत येण्यासाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्यात २०१३ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून संस्थेची सर्वसाधारण सभाच या नामतालिकेतून आपला लेखापरीक्षक निवडते. आणि प्रमाणित लेखापरीक्षकाला मराठीचे कामचलाऊ ज्ञान हवे, अशी अट कायद्यातच आहे. मराठी येते म्हणून अडून बसल्याचे मी पुष्कळ ऐकले होते. मराठी येत नाही म्हणून अडेल, असे हे पहिलेच ठिकाण पाहिले.

जी.एस.टी.चे काय? तिथे मात्र बी.ए.ला दार बंद आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे जी.एस.टी. प्रॅक्टिशनर व्हायला पदवी वाणिज्य, विधी, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची लागते. अर्थशास्त्रात पहिली आलेली मुलगीसुद्धा यात बसत नाही. मला हे अन्यायाचे वाटते. पण अन्याय आहे म्हणून हात बांधून बसण्यापेक्षा वाट काढलेली बरी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. एक महाविद्यालयात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने चालते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या दाराशी आहे, आणि तिथे बी.कॉम. आहे. मी चौकशीचा कागद आणला आहे. फीची जुळवाजुळव चालू आहे.

आता आक्षेपाकडे वळते. त्याच प्राध्यापकांनी मला विचारले, "तू लहान परीक्षा निवडते आहेस ती परिस्थितीमुळे, की भीतीमुळे?" मी तेव्हा गप्प राहिले. खरे सांगायचे तर दोन्हीमुळे. आमच्यासारख्या घरातल्या मुलांना 'आपल्याला एवढे पुरे' हे शिकवावे लागत नाही, ते दुधातूनच येते. ग्रामसेवकाच्या पुढे खुर्चीवर बसायला माझी आई अजून कचरते. म्हणून मी स्वतःला रोज तपासते, की मी खरोखर गिऱ्हाईक पाहून निवड करते आहे, की सोयीचे कारण शोधते आहे? पण उलटही विचारते. सी.ए. झालेल्यांतले किती जण इगतपुरीत बचत गटाच्या वहीपाशी येऊन बसतील? त्यांच्या फीत ते बसत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. आणि मोठी सही म्हणजे खरा हिशेब, असेही नाही. २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी आकडे फुगवल्याची स्वतःच कबुली दिली. त्या ताळेबंदांवर लेखापरीक्षकांच्या रीतसर सह्या होत्याच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. तीन महिन्यांचे सोनेरी प्रमाणपत्र आणि सी.ए. यांच्या मधली पायरी आपल्याकडे कोणी नीट दाखवत नाही. इंग्लंडमध्ये १९८० पासून हिशेबनिसांची स्वतंत्र संस्था आहे. तिची परीक्षा दिलेल्याला लोक हिशेबनीस म्हणून ओळखतात. आपल्याकडे कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्थेचा बारावीनंतरचा 'कॅट' नावाचा लेखा तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम आहे, पण तालुक्याच्या गावी त्याची माहिती पोचत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती लागतात. जी.डी.सी. अँड ए.ची एक ओळ लावायला किती जागा लागेल?

वडिलांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे सही तुझी चालंल. पण तीन वर्सं कुणाच्या तरी हाताखाली." मी म्हटले, "हो." "अन् तवर?" तोवर वह्या लिहिणार, असे मी सांगितले. किराणावाल्याने महिना चारशे रुपये कबूल केले आहेत, काकूंनी पावसाळ्यापुरते तीनशे. बचत गट पन्नासच देतो, पण आता कोरी पाने नसतात.

ग्रंथालयातले पुस्तपालनाचे मराठी पुस्तक सध्या माझ्याकडे आहे. ते एकच आहे आणि जुने आहे, त्यात जी.एस.टी. नाही, विक्रीकर आहे. कोणाला हवे असल्यास पंधरा तारखेनंतर मागावे. आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी जी.डी.सी. अँड ए. झालेले कोणी असतील तर कृपया मला पत्ता कळवा. मला त्यांना फक्त एवढेच विचारायचे आहे, की पहिली तीन वर्षे त्यांनी कोणाकडे काढली.