थोरल्याची पहिली स्पर्धा

आमचा थोरला यंदा प्रथमच शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरतो आहे. महागड्या पावडरीच्या डब्याऐवजी आम्ही घरच्या ताटाचाच हिशेब मांडला. वजन ६० किलो; किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर रोज ९६ ग्रॅम प्रथिने हवीत. ४ अंड्यांत सुमारे २४, १०० ग्रॅम फुटाण्यांत २०, ५० ग्रॅम सोयाबीन वडीत २५. बाकीची भर डाळ, भाकरी व दूध घालतात. स्पर्धेआधी पाणी तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. ते जिवावर बेतू शकते.

चूक आमचीच झाली. त्याची अंडी वाढली आणि धाकटीचे बंद झाले. आता त्याला ३ अंडी व मूठभर शेंगदाणे. चौथे अंडे तिचे. एकाचे शरीर घडवताना दुसऱ्याचे ताट रिकामे होऊ देऊ नये.